मयती साक्षरता

मी अन बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळली. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, पाणी पिऊन वासराएवढी जड झालेली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. गोधडी पिळताना दोघांनी एकमेकांच्या उलट फिरवावं लागतं हे मला कळतं, पण समोरासमोर उभं राह्यलं की उलट म्हणजे कोणीकडं ते कळत नाही. ती रस्त्याच्या बाजूनं फिरवे, मीही रस्त्याच्याच बाजूनं फिरवे. गोधडी नुसती गोल फिरत राहिली, पाणी काही गळेना.

"माह्या उलट फिरवा म्हटलं न," ती म्हणाली.

"उलटच फिरवून राह्यलो."

"सारा जलम माह्या उलट वागले, अन आज कामाच्या येळेस बरोबर माह्यासारखं करून राह्यले."

त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी पिळली कशीतरी. तारेच्या कुंपणावर टाकली. ती ओट्यावर बसली, भिंतीला पाठ लावून म्हणाली, "जरा टेकतो. पाणी आना." मी रांजणातून तांब्या भरून आणला. ती टेकलेलीच होती, पण बोलावलं तर ओ देईना. नाकापाशी हात धरला. मग तांब्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं. कायले प्यालो, मला माहीत नाही. तहान नव्हती.

आम्हाला मूलबाळ नाही. पुढचं सगळं पुतण्यानं केलं. त्याचं आर्णीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा मनानं चांगला, काकूवर त्याचा जीव होता, पण त्याला कोणतीही गोष्ट झाली की आधी मोबाइलवर टाकायची सवय. सरणाची लाकडं येण्याच्या आधी त्याचा श्रद्धांजलीचा फोटो निघून गेला.

आता आमच्या दोघांचा फोटो एकच होता, त्याच पुतण्याच्या लग्नातला. फोटो काढताना माझा मोठा भाऊ समोर उभा होता, म्हणून तिनं पदर नाकापर्यंत ओढलेला. पुतण्यानं तो फोटो तयार चौकटीत टाकला. तो मोबाइल म्हणे आपोआप तोंड शोधते अन बाकीचं कापून टाकते. त्याला तोंड एकच सापडलं, माझं. पदरातली बाई त्याला गाठोडं वाटली असेल. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी, त्यानं धड पाह्यलं नाही. खाली नाव तिचंच लिहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं. पण वर फोटो असला म्हणजे खालचं कोण वाचते? वर मी, फेटा बांधलेला, गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही अंगाला दोन समया लुकलुकून राहिलेल्या.

गाव सगळं मोक्षधामात आलं होतं, त्यामुळं कोण गेलं ते गावाला ठाऊक होतं. बाहेरगावी मात्र मी मेलो.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. घरात तिचा साधा फोन होता, तो वाजला की मी उचलायचो.

"काकू, लय वाईट झालं. काका गेले म्हणे."

"मी काकाच बोलतो."

मग, "आवाज डिट्टो त्यायच्यासारखाच हाये. तुमी भाऊ का त्यायचे?"

एकाला सांगून सांगून थकलो, शेवटी म्हटलं, हो, भाऊच आहे. तो म्हणाला, तुमी स्वतःची काळजी घ्या.

नेरहून एक जुना ओळखीचा माणूस मोटारसायकलवर आला. फाटकातून आत शिरताना त्यानं तोंड रडायला तयार करून आणलं होतं. बाजेवर मी दिसलो. तो तिथंच थांबला. काय करावं त्याला समजेना. आता इतक्या लांबून आला होता, अन रडणं तर अर्धं वर आलेलं. तो माझ्या गळ्यात पडून रडला अन म्हणाला, "लय चांगला माणूस होता." मग चहा पिताना त्याला कळलं की बाई गेली. पुन्हा रडायचं का, असं त्यानं माझ्याकडं पाहून ठरवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, राहू दे, झालं.

पुतण्यानं तो फोटो त्याच्या बाजूनं खोडला. खोडून काय होते. तो तोवर कोणत्या कोणत्या गावच्या ग्रुपवर पोचला होता. हे सगळं मी सहन केलं असतं. मेलो तर मेलो, काय फरक पडते. पण तो फोटो उमरखेडकडं पोचला होता.

उमरखेडच्या पलीकडं एका खेड्यात तिची मोठी बहीण राहते. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडं आकडसासू म्हणतात. सासूपेक्षा कडक मान. आमच्या घराण्यात जावयानं आकडसासूच्या तोंडाकडं पाहायचं नाही, तिच्याशी सरळ बोलायचं नाही, अन तिनंही तसंच. इतकी वर्षं आम्ही एका आंगणात बसून बोललो ते माझ्या बायकोच्या मार्फत. मी म्हणायचो, "सांग तुह्या बहिणीले, या सालात तूर बरी हाये." ती सांगायची, "ते म्हणून राह्यले तूर बरी हाये." मग बहीण भिंतीकडं पाहून म्हणायची, "जावयाला म्हणावं, आमच्याकडं पाणीच नाही." आवाज दोघांनाही चांगला ऐकू येत होता. पण मधून बायको बोलली तरच ते पोचलं असं धरायचं.

तर त्या आक्काला शेजारच्या सुनेनं मोबाइल दाखवला. आक्कानं माझा हार घातलेला फोटो पाहिला अन तिकडंच रडली. अंगात ताप होता म्हणून लगेच निघता आलं नाही. शेजारणीच्या फोनवरून निरोप पाठवला. पुतण्यानं तो मला वाचून दाखवला: माझ्या बहिणीला म्हणावं, धीर धर. मी आल्याशिवाय तिच्या बांगड्या कोणाला फोडू देऊ नका.

मी पुतण्याला म्हटलं, तू आत्ताच्या आत्ता फोन लाव.

त्यानं लावला. शेजारणीचं पोरगं होतं फोनवर. पुतण्या त्याला म्हणाला, "आक्काला सांग, काका ठीक हायेत. काकू गेली."

पोरगं म्हणालं, "कुठं गेली?"

पुतण्यानं फोन ठेवून दिला. मला म्हणाला, "काका, तुमीच सांगा आता." मी कसा सांगू? मी आक्काशी बोलत नाही. बोलायचं असलं तर बायकोला सांगतो, अन ती सांगते. ती असती तर तिनं सांगितलं असतं. ही गोष्ट मनात आली अन मला हसू आलं. घरात दिवा लागलेला, बाहेर लोक बसलेले, अन मी तोंडावर टॉवेल धरून हसलो. लोकांना वाटलं रडून राह्यला.

असं अडकलेलं असताना एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सरपंच बोलले. भोंगा आमच्या बाजूनं फुटका आहे. मी ऐकलं ते असं: "उद्या विद्यापीठाचे पोरं-पोरी मयती साक्षरतेसाठी घरोघरी येणार हायेत. सगळ्यायनं सहकार्य करा."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला वाटलं, आता याचंही शिकवायला लागले तर. बरंच झालं. मयतीच्या घरी जाऊन कसं बसावं, काय बोलावं, काय बोलू नये, हे हल्ली कोणाला येत नाही, नेरवाल्यानं दाखवलंच. शिकून येत असतील तर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी सतरंजी झाडून टाकली, टॉवेल खांद्यावर घेतला अन खांबाला टेकून बसलो.

आले. एक मॅडम, एक उंच पोरगी जिच्या हातात पाटी अन कागद, अन एक पोरगा, तो गुंडाळलेला बॅनर बंदुकीसारखा खांद्यावर घेऊन. तिघांच्या अंगात सारखेच टी-शर्ट. पोरगी सतरंजीवर मांडी घालून बसली. नीट बसली. मला बरं वाटलं.

"काका, आम्ही माहितीसाठी आलो आहोत."

"हो बापा. सगळे मयतीसाठीच येऊन राह्यले."

"म्हणजे आमच्या आधी कोणी येऊन गेलं?"

"लय जण. रोज येतात. चहाच पुरून नाही राह्यला."

पोरीनं मॅडमकडं कौतुकानं पाह्यलं अन कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "काका, तुमच्याकडं माहिती साधारण कुठून येते?"

"आमची? वरच्या आळीतून निघते, मारुतीपाशी थांबते, अन मंग सरळ नाल्याकडं."

"आणि माहिती मिळाली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

"लाकडं पाहतो."

पोरीचं पेन थांबलं. बॅनरवाला पोरगा माझ्याकडं पाहायला लागला. पण पोरगी जिद्दीची. तिनं खालचा प्रश्न वाचला. "ती खरी आहे की खोटी, हे कसं तपासता?"

"नाकापाशी हात धरतो," मी म्हटलं. "दुसरं काय पाहायचं असते?"

"आणि पुढं किती जणांना पाठवता?"

"आमी नाही पाठवत. आमी नेतो. चार जण लागतात, बाकी मागून येतात."

पोरगा खोकल्यासारखं करून फाटकाकडं तोंड करून बसला. मॅडम मात्र इतका वेळ घरात पाहून राहिल्या होत्या. आत कोपऱ्यात पिठावर ठेवलेला दिवा त्यांना दिसला असेल. त्यांनी पोरीच्या हातातली पाटी हळूच काढून घेतली.

"काका," त्या म्हणाल्या, "घरात कोणी गेलं का?"

"म्हणजे तुमी त्यासाठी नाही आले?"

मग त्यांनी सावकाश सांगितलं. मयती नाही, माहिती. म्हणजे एखादी गोष्ट कळली तर ती कोणी सांगितली, त्याला कशी कळली, खरी का खोटी, हे पाहायला शिकवणं. कॉलेजच्या लायब्ररीत हा विषय आहे म्हणे. "पूर्वी आम्ही वर्गातच शिकवायचो," मॅडम म्हणाल्या. "मुलं पाठ करून पास व्हायची आणि घरी जाऊन खोटे मेसेज पुढं पाठवायची. म्हणून आता प्रकल्प गावातच करायचा. एका घराची माहितीची एक अडचण शोधायची आणि सोडवायची. प्रकल्पाचे गुण त्यातच, समाजसेवेचे गुणही त्यातच."

मला राग आला. सतरंजी झाडली होती. मी म्हटलं, "मले तुमच्या गुणाचं काही करायचं नाही. माह्याकडं अडचण एकच हाये. मी मेलो म्हणून सगळ्या जिल्ह्यात बोंब हाये, अन मी मेलो नाही."

पोरीचं तोंड असं उजळलं की जसं काही घरात पोर झालं. ती मॅडमला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मॅडमनं तिला डोळ्यानं दटावलं, पण त्यांच्याही तोंडावर तेच होतं. बाकीच्या पोरांना घरोघरी रेशन कार्ड अन पीक विम्याच्या अडचणी मिळाल्या होत्या. यांना मी मिळालो.

त्यांचा मुक्काम शाळेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, अन माझ्या बाजेच्या मागच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला. मधोमध माझा हारवाला फोटो. त्यातून बाण निघाले: पुतण्या, आर्णीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, कापूस-भावाचा ग्रुप, महागाव, उमरखेड. माझ्या फोटोखाली पोरानं लिहिलं, "चुकीचे मृत". गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. एक म्हातारी बाणावर बोट फिरवत उमरखेडपर्यंत गेली अन म्हणाली, "एवढ्या दूर तर हा जिता असतानीही कधी गेला नाही."

पुतण्यालाही बोलावून घेतलं. पोरीनं त्याला विचारलं की पाठवण्याआधी तपासलं का नाही. पुतण्या म्हणाला, "ताई, काकू समोर पडलेली होती. मी काय तपासू?" पोरीनं तो प्रश्न कागदावर खोडून टाकला. मला ती तेव्हापासून बरी वाटायला लागली.

मग दुरुस्ती. पोरांनी ठरवलं की जिथं जिथं खोटं गेलं तिथं तिथं खरं पाठवायचं, अन नुसता मजकूर नाही, व्हिडिओ. माणूस स्वतः बोलला की लोक मानतात. मला कुंपणापाशी उभं केलं. पोरीनं मोबाइल धरला.

"काका, म्हणा, मी जिवंत आहे."

"मी जिवंत आहे."

"जरा आनंदानं म्हणा."

"कायचा आनंद?"

"नाही, म्हणजे... पटलं पाहिजे ना लोकांना. असं म्हटलं तर कोणी तुम्हाला जबरदस्तीनं बोलायला लावलंय असं वाटतं."

पुन्हा म्हटलं. शेजाऱ्यानं मधेच भिंतीवरून विचारलं, "काय म्हणते थो?" पुन्हा म्हटलं. चेहऱ्यावर ऊन येत होतं म्हणून जागा बदलली, पुन्हा म्हटलं. एकच गोष्ट इतक्या वेळा म्हटली की मलाच तिची शंका यायला लागली. शेवटी एक वेळचं पोरीला पसंत पडलं.

"आता दुसरं वाक्य," ती म्हणाली. "माझी पत्नी..." अन थांबली. माझ्याकडं पाह्यलं. "तुम्हाला जमेल तसं."

मी तोंड उघडलं. कुंपणाच्या तारेकडं पाह्यलं. तोंड बंद केलं.

"राहू दे," मी म्हटलं. "एवढंच पाठव."

पोरगा म्हणाला, छोटा व्हिडिओच लोक पाहतात, बरंच आहे. त्यानं जुन्या फोटोवर लाल शिक्का मारला: ही बातमी खोटी आहे. खाली माझा व्हिडिओ जोडला. अन सगळ्या बाणांच्या वाटेनं सोडून दिला. संध्याकाळपर्यंत फोन बंद झाले. पोरं भिंतीवरच्या एकेका गावावर हिरवी खूण करत होती. मॅडमनंही शाबासकी दिली. मलाही वाटलं, चला, निदान मी तरी सुटलो.

उमरखेडवर खूण झाली अन थोड्या वेळानं पुतण्याचा फोन वाजला. शेजारणीचं पोरगं. पुतण्या ऐकत राह्यला अन पांढरा पडत गेला.

"काका," तो म्हणाला, "आक्कानं व्हिडिओ पाह्यला. शिक्का वाचून घेतला कोणाकडून. म्हणे, बातमी खोटी हाये, म्हणजे कोणीच नाही गेलं. तिचा ताप उतरला. गावात पेढे वाटून राह्यली. अन सकाळच्या गाडीनं इकडं निघते."

"तू सांगितलं नाही?"

"मी म्हटलं, पण काकू गेली. तर ते पोरगं म्हणते, हो, मागच्या येळेसही तुमी म्हणत होते, अजून नाही आली का?"

मॅडम म्हणाल्या, दुरुस्तीची दुरुस्ती पाठवावी लागेल. पोरगा कागद घेऊन बसला, एका फोटोवर बरोबरची खूण अन एकावर फुली, असं काहीतरी काढायला लागला. तिचा फोटो कुठं आहे विचारलं. मी म्हटलं, फोटो नाही. मोबाइललाही ती दिसली नव्हती. आक्काला असं मोबाइलवरून अन असं फुलीनं कळायचं असलं तर मले नाही पाठवायचं. येऊ दे तिला. मग कसं सांगणार, असं मॅडमनं विचारलं. मी म्हटलं, "पाहू." मला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. फाट्यावरून पायी. मी ओट्यावर होतो, उंच पोरगी तिथंच खाली बसलेली, ती सकाळपासून हललीच नव्हती. आक्का फाटकातून शिरली तशी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली, माझ्याकडं पाठ अन कुंपणाकडं तोंड. एका हातात पिशवी. बोलणं तिचं आता पार तिकडचं झालंय.

"जावयाला म्हणावं, बरे दिसायलेत," ती कुंपणाला म्हणाली. "देवानं लाज राखली. कोण्या मुडद्यानं फोटो टाकला काय की. अगं, कुठं हाईस? बाहेर ये की. हिरव्या बांगड्या आणल्यात बघ तुला, मापाच्या. माझा तर जीवच गेला होता."

आतून कोण येणार. आक्कानं थोडी वाट पाह्यली. मग पोरीला पाह्यलं.

"ए बाई, तू कोण? जावयाला इचार, माझी बहीण कुठं हाय."

पोरगी उठून उभी राहिली. तिला ही रीत माहीत नव्हती, पण तिनं ओळखलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, त्या विचारतात, बहीण कुठं आहे."

"सांग त्यायले," मी म्हटलं. अन पुढं काही आलं नाही.

पोरगी माझ्याकडं पाहून राहिली. तिनं सांगितलं असतं. एवढं सांगून टाक म्हटलं असतं तर तिनं रडत रडत सांगितलं असतं, इतकी चांगली पोरगी. पण विद्यापीठातून आलेल्या कोणाच्या लेकरानं आक्काला हे सांगावं अन मी ओट्यावर बसून ऐकावं, हे मला बरोबर वाटेना. मी खाली उतरलो. आक्काच्या पाठीमागं जाऊन उभा राह्यलो.

"आक्का," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला हाक मारली. तिनं पदर आणखी पुढं ओढला, जसं काही मी अंगावर पाणी टाकलं. "ते गेली."

"कुठं गेली?" आक्का कुंपणाला म्हणाली.

आमच्या बोलीत हा एक घोळच आहे. माणूस गेला म्हणजे बाजारात गेला, शेतात गेला, अन गेला म्हणजे गेलाही. सगळे तेच म्हणतात. मीही इतके दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच म्हणत होतो, गेली, गेली, अन म्हणताना मनात कुठंतरी वाटे की गेली आहे, येईल. दुसरा शब्द आहे, पण तो माणसासाठी कोणी वापरत नाही. तो ढोरासाठी, नाही तर शिवी द्यायला. त्याचा अर्थ मात्र एकच होते.

"मेली, आक्का," मी म्हटलं. "माही बायको मेली. फोटो चुकला, नाव बरोबर होतं."

आक्का वळली. पदर मागं सरकला तरी तिनं ओढला नाही. सरळ माझ्या तोंडाकडं पाह्यलं. तिचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होतो, अन नाक तेच होतं, हनुवटी तीच.

"मी पेढे वाटले की वो," ती म्हणाली.

मग ती आंगणातच बसली. पोरीनं तिला धरलं. पुढचं रडणं-ओरडणं मी लिहीत नाही, ते सगळ्यांकडं सारखंच असते.

दुपारी मॅडम आल्या, आक्काच्या पाया पडल्या. पोरगी म्हणाली, "काका, आमचा प्रकल्प फसला."

"फसला," मी म्हटलं. "पण तू बसून राह्यली. मयतीच्या घरी बसून राहणंच असते." त्यावर गुण आहेत का नाही ते मी विचारलं नाही. भिंतीवरचा कागद पोरगा काढायला लागला तर चुन्याचे पोपडे निघाले. मी म्हटलं, राहू दे आता, तिथं दुसरं काय लावायचं आहे.

रात्री आक्का जेवली नाही. माझ्याशी आता ती सरळ बोलत होती, अन मला त्याचीच भीती वाटून राहिली होती. "आता गावात काय सांगू मी?" ती म्हणाली. "आधी रडले, काल पेढे वाटले. उद्या जाऊन म्हणू, माझी बहीण मेली? लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं. इस्वास कोण ठेवल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो अन तिच्यासोबत उमरखेडच्या गाडीत बसलो. ती पुढं बायांच्या सीटवर, मी मागं. महागावात गाडी थांबली तेव्हा एका माणसानं माझ्याकडं दोनदा पाह्यलं अन खाली उतरून दुसरीकडून पुन्हा पाह्यलं. मी त्याला हात केला. उमरखेडला गाडी बदलून तिच्या गावात उतरलो. आक्का म्हणाली, पहिलं घर शेजारणीचं.

शेजारीण दारातच होती. मला पाहून तिचं तोंड फुललं. "या, या, जावईबापू. तुमचा व्हिडिओ पाह्यला. लय चांगला बोललात." अन मी काही बोलायच्या आधी आत जाऊन आली अन माझ्या हातावर पेढा ठेवला, आक्कानंच वाटलेल्यांतला राह्यलेला. तो कुठं ठेवावा मला समजेना. खाली ठेवणं बरं दिसत नव्हतं.

मी पेढा हातात धरून उभ्या उभ्या सांगितलं की मी जिता आहे हे खरं आहे, अन माझी बायको मेली. कशी मेली, ओट्यावर कशी टेकली, तेही सांगितलं. शेजारणीनं तोंडाला पदर लावला. आक्का माझ्या बाजूला उभी राहून मान हलवत होती, हो, हो, असंच. मग आम्ही तिथून निघून पुढच्या घरी गेलो.